कवळ्या करणाऱ्या मामाची अट

माझा मामा दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या करायचा. चाळीस वर्षं केल्या. कवळी नीट बसते का हे पाहायला आलेले पेशंट त्याच्यापाशी तासतासभर बोलत बसत. तोंडात दात नसलेला माणूस खोटं कमी बोलतो, असं मामाचं ठाम मत. पन्नाशी उलटल्यावर त्याला कथा लिहायची अवदसा आठवली. मामी म्हणाली, "केस गेले होतेच, आता अक्कलही चालली." पुढे कथा छापून यायला लागल्या तेव्हा हीच मामी शेजारणींना कात्रणं दाखवत फिरायची.

मामाची एक अट होती. ज्याच्या आयुष्यातून कथा उचलली, त्याला ती आधी वाचून दाखवायची आणि पेन्सिल त्याच्या हातात द्यायची. तो खोडेल ते गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा सबंध पान खोडलं, कथेचा पार बोऱ्या वाजला, तरी हा म्हणाला, "त्यांचंच होतं, त्यांनी परत घेतलं." मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, इतका सरळ माणूस आमच्या खानदानात दुसरा झाला नाही.

पुस्तक निघायचं ठरलं तेव्हा एकच कथा वाचून दाखवायची राहिली होती. सगळ्यात चांगली तीच, आणि ती माझ्या आईची होती. आजोबा आठ महिने अंथरुणाला खिळले होते, त्यांचं सगळं एकट्या आईनं केलं. मामा नोकरीच्या नावाखाली दूर राहिला. एकदाच आला, तेव्हा आईनं दारातूनच सांगितलं, "बाबा झोपलेत." आणि तो सुटल्यासारखा परत फिरला. चौथ्या दिवशी आजोबा गेले. कथेत त्यानं स्वतःला जराही वाचवलं नव्हतं. पण बहिणीला ती वाचून दाखवायची छाती होईना, म्हणून तीन वर्षं कागद कपाटात पडून होते. तिनं खोडली असती, तर त्यानं चकार शब्द न काढता फाडून टाकली असती.

शेवटी एका रविवारी सकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आई मटार सोलत होती, मी चहा गाळत होते. त्यानं अडखळत सगळी कथा वाचली. आईनं पेन्सिल घेतली आणि एकच वाक्य खोडलं: बाबा झोपले होते.

"एवढंच?" मामा म्हणाला.

"जागे होते ते. मी रागानं खोटं बोलले. इतके महिने तोंड दाखवलं नाहीस, म्हटलं, आता कशाला?"

मामानं विचारलं, "बाबा काही म्हणाले?"

"कोण आलं होतं, म्हणाले."

"मग तू?"

"दूधवाला, म्हटलं."

मामा ढसाढसा रडला. जरा वेळानं तोच म्हणाला, "ताई, हे छापलं तर लोक तुला नावं ठेवतील."

"ठेवू देत. स्वतःला नाही सोडलंस, मग मला कशाला सोडतोस?" आईनं डोळे पुसले आणि कागद त्याच्यापुढे सरकवले. "रडून झालं की लिही. पुन्हा नाही सांगायची मी."