आई, पेला आणि माझ्या किडन्या

माझ्या किडन्या निकामी झाल्याचं घरात सर्वांत आधी आईला कळलं. त्या निकामी झाल्या नव्हत्या, हे नंतर कळलं.

ऑफिसच्या तपासणीचा रिपोर्ट मी मुलुंडच्या घरी टेबलावर ठेवला होता. आईला इंग्रजीतला एकच शब्द लांबूनही वाचता येतो : क्रिएटिनिन. बाबांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा ती तो शिकली. पुढचा आकडा ठळक छापलेला असला म्हणजे वाढलेला, हेही.

"संजू, खाली बस."

"आई, जिमला उशीर होतोय."

"बस म्हटलं ना मेल्या!"

संध्याकाळच्या आत जेवणातलं मीठ गेलं. भाजी उकडून तिचं पाणी मोरीत गेलं. माझ्यापुढे बाबांचा छोटा स्टीलचा पेला आला. (दिवसभराचं पाणी ते त्यानेच मोजून पीत. तो घरात अजून आहे, हे मला माहीत नव्हतं!)

"आधी डॉक्टरांना तरी विचारूया," माझी बायको नीता म्हणाली.

"विचारलेलं. ह्यांच्या वेळी," आई म्हणाली.

कणकवलीहून मामाचा फोन आला. "भाच्या, गावचं घर एकदा बघून जा रे!" (एरवी घरातल्या आईच्या वाट्याचा विषय काढला की त्याची रेंज जायची!)

मग आई हळूच म्हणाली, "माझी घे. मला एक पुरे."

मी पेला एका दमात रिकामा केला.

बाबांच्याच डॉक्टरांकडे गेलो. "पावडर वगैरे घेता?"

"क्रिएटिन. सोसायटीच्या कबड्डीसाठी."

आईने माझ्याकडे मान वळवली. फ्रिजवरचा तो पावडरचा डबा ती रोज पुसत होती!

डॉक्टर म्हणाले, क्रिएटिन स्नायूंना झटपट ताकद पुरवतं आणि मोडल्यावर त्याचं क्रिएटिनिन होतं. त्यामुळे किडनी ठणठणीत असली तरी आकडा वाढू शकतो. पावडर थांबवा, पुन्हा तपासू. (ही माहिती आमच्या पेपरच्या आरोग्य पानावर मीच छापली होती!)

दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला. आईने तो दोनदा पाहिला.

"डॉक्टर, ह्यांनी अशी पावडर घेतली नव्हती ना कुठली?"

"नाही, काकू."

"मग बरोबर."

घरी येऊन तिने पेला घासला, पुसला आणि कपाटात आत ठेवला.

सामन्यात मी चढाईला गेलो. दोघांनी कंबर धरली. प्रेक्षकांतून आई उठली.

"अरे, तिकडे किडनी आहे त्याची! सोडा!"

त्यांनी घाबरून सोडलं. मी मध्यरेषेला हात लावला. दोन गुण! माझ्या कबड्डीच्या कारकिर्दीतले एकूण गुणही तेवढेच.