मीटर कंपनीतला इनोव्हेशन सेल

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत रिक्षाचे मीटर बनवणारी एक कंपनी होती. माझी नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं तिथंच गेली. मी लागलो तेव्हा मीटर लोखंडी होते. ड्रायव्हर हात बाहेर काढून मीटर पाडायचा आणि आतली दातेरी चाकं फिरायला लागायची. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा आमच्या मालकांनी, मोठ्या शेठनी, सक्ती व्हायच्या आधीच चाकांची लाइन बंद करून टाकली. कारागिरांना समोर बसवून म्हणाले, "ज्याला शिकायचंय त्याला शिकवू. नाही जमलं त्याला दुसरं काम देऊ. पण चाकं आता संपली." आणि स्वतः आमच्या शेजारी स्टूल ओढून सोल्डरिंग शिकायला बसले. बोटं भाजून घेतली. त्या वेळी आम्ही तरलो.

मोठे शेठ गेल्यावर मुलगा आला. धाकटे शेठ बाहेर मॅनेजमेंट शिकलेले, स्वभावानं वडिलांसारखेच सरळ. अ‍ॅपवरून रिक्षा बोलवायला लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नव्या मीटरची मागणी दरवर्षी थोडी थोडी घसरत होती, पण इतकी हळू की कुणाची झोप उडू नये. लॉकडाऊन उठल्यावर मात्र धाकट्या शेठनी मनावर घेतलं. दुसऱ्या मजल्यावरचं स्टोअर रिकामं करून काचेची खोली केली, रंगीत खुर्च्या आणल्या आणि दारावर पाटी लावली, 'इनोव्हेशन सेल'. त्यात दोघंच. सर्व्हिस विभागातून मी, आणि नव्यानं घेतलेली मुलुंडची एक सॉफ्टवेअर इंजिनीअर. माझ्या मुलीच्या वयाची, बोलायला फटकळ.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "सर, खरं सांगा. हे दाखवायला आहे की करायला?"

"मला काय माहीत? मला कालच वर पाठवलंय."

आम्ही केलं मात्र मनापासून. मीटरला जोडायचा एक छोटा डबा बनवला. प्रवाशानं फोनवरून बोलावलं की जवळच्या स्टँडवर रांगेत पहिल्या असलेल्या रिक्षाला बोलावणं जायचं. भाडं मीटरप्रमाणे, मधे कुणाचं कमिशन नाही. घाटकोपर पूर्वेच्या एका स्टँडवर चाचणीसाठी काही रिक्षांना डबे बसवले. तिथले सगळ्यात जुने ड्रायव्हर मूळचे साताऱ्याकडचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. आधी त्यांनी डब्याकडे बघून तोंड वाकडं केलं. दोन आठवड्यांनी त्यांचा स्वतःहून फोन आला. "साहेब, भारी आहे हो तुमचं. आज एक म्हातारी आजी, घरातनं बोलावलं तिनं. म्हणाली, रोज येशील का दवाखान्यात न्यायला?"

मी काचेच्या खोलीत तो फोन स्पीकरवर लावला. पोरगी खुर्चीतच गोल फिरली.

दर तीन महिन्यांनी आमचा आढावा व्हायचा. लांब टेबल, चहा, बिस्किटं आणि आमच्यासमोर कंपनीची सगळी जाणती माणसं. कुणी दुष्ट नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. विक्रीवाले म्हणाले, "आपले डीलर बिथरतील. त्यांना सोडून आपण थेट ड्रायव्हरकडे गेलो असं होईल." अकाउंट्सवाले म्हणाले, "यात कमिशन नाही, मग आपल्याला मिळणार काय?" कायद्याचं बघणारे म्हणाले, मीटरला काही जोडलं तर सरकारी सीलचं काय? प्रश्न सगळे रास्त. आमच्याकडे उत्तरंही होती, पण प्रत्येक उत्तरातून पुढच्या आढाव्यासाठी नवा प्रश्न निघायचा. धाकटे शेठ शेवटी म्हणायचे, "कल्पना उत्तम आहे. अजून थोडा अभ्यास करू." पोरगी बाहेर येऊन म्हणायची, "सर, आपण परीक्षेला बसलोय की शाळेत परत नाव घातलंय?"

मग रिक्षाचं भाडं वाढलं. भाडं वाढलं की शहरातल्या प्रत्येक मीटरमध्ये नवे दर भरायला लागतात, तपासून पुन्हा सील करायला लागतं. आमच्या कंपनीला तो सणच. गेटबाहेर रिक्षांची रांग लागली. हात कमी पडायला लागले तसे धाकटे शेठ स्वतः काचेच्या खोलीत आले. जरा अवघडून उभे राहिले.

"तुम्ही दोघं थोडे दिवस खाली मदत कराल? हे संपलं की परत आपलं सुरू."

"आणि घाटकोपर?" पोरीनं विचारलं.

"ते काय, चालू आहेच ना."

खाली गेलो. सकाळपासून मीटर उघडायचा, दर भरायचे, बंद करायचा, पुढचा घ्यायचा. कंपनीत इतका आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. विक्रीवाले पेढे वाटत फिरत होते. म्हणत होते, बघा, मीटर कुठं जात नाही. संध्याकाळी पाठ इतकी दुखायची की घरी, कांदिवलीला, जेवून तसाच आडवा व्हायचो. घाटकोपरहून फोन येत राहिले. डब्यावर लाल दिवा लागलाय, बोलावणं येतच नाही. पोरगी जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन कॉम्प्युटरवरून दुरुस्त करून यायची. मग तिलाही ते झेपेना. एकदा मामांनी सांगितलं, "आजीनं दोनदा बोलावलं, मला कळलंच नाही. तिच्या मुलानं आता तिला अ‍ॅप घालून दिलंय."

गर्दी ओसरली तेव्हा डबे काढून आणायचा निरोप आला. मी एकटाच गेलो. मामांनी स्टँडच्या टपरीवरून चहा मागवला. स्क्रू मी सोडवत होतो आणि डबा ते धरून होते. त्यांच्या रिक्षात पुढे मोबाइल अडकवलेला, त्यावर अ‍ॅपचं बोलावणं वाजत होतं. त्यांनी ते वाजू दिलं.

"तुमचं का बंद केलं हो, साहेब? चालत नव्हतं का?"

"चालत होतं मामा."

"मग?"

"आमच्याकडे काम फार आलं," एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटलं असावं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पोरीनं राजीनामा दिला. धाकट्या शेठनी तिला थांबवायचा खूप प्रयत्न केला. "पुढच्या वर्षी आपण मोठं काहीतरी करणार आहोत," म्हणाले. ती त्यांना नीट बोलली, गेटबाहेर माझ्याजवळ रडली. काचेच्या खोलीत पुढे मीटिंगा व्हायला लागल्या. मीटरची मागणी पुन्हा घसरली. या वेळी मात्र हळू नाही. डीलरांनी दुसरा माल ठेवायला घेतला, विक्रीवाले एकेक करून निघून गेले. शेवटी जागा विकली आणि उरलेली कंपनी भाड्याच्या एका गाळ्यात गेली. आता तिथं बाहेरून आणलेले, गाडी कुठं आहे ते कळवणारे ट्रॅकर जोडतात. मीही तिथंच आहे. रिटायर व्हायला फार दिवस नाहीत.

मध्यंतरी धाकटे शेठ गाळ्यात आले. मी एकटाच होतो. माझ्या समोरच्या स्टुलावर बसून म्हणाले, "आपलं कुठं चुकलं असं वाटतं तुम्हाला? माझ्या पुस्तकांत हे सगळं लिहिलेलं होतं हो. अशा कंपन्या कशा बुडतात ते. मला पाठ होतं."

"तुम्ही खोली तर केली होतीत ना शेठ," मी म्हणालो. "आम्हाला तिथं बसू द्यायला हवं होतं."

त्यांनी समोरचा एक ट्रॅकर उचलून परत खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या वेळी रांग बघितली होती ना तुम्ही? गेटबाहेर? बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं?"

मला खरंच माहीत नव्हतं. मोठ्या शेठनी चाकं बंद केली तेव्हा गेटबाहेर कुणी उभं नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीकडे गेले. पार्सलवाला यायची वेळ झाली होती. मी ट्रॅकरचा खोका चिकटपट्टीनं बंद करायला घेतला.