हार्डली म्हणजे आपणांस

"दिसाया गरीब हाय, पर तोंड लई कडक म्हनं पोरीचं."

आंबवड्याहून लोणी घेऊन येणारी धुरपदाबाई परसदारी आईला हे सांगत होती. मी आत तांदूळ निवडत होते. कुणाची पोर म्हणून मीही कान टवकारले. पोर मीच होते!

आता माझं तोंड कसं आहे हे मला नक्की सांगता यायचं नाही, कारण ते मी फारसं वापरतच नाही. दारात आलेल्यानं नाव विचारलं तरी मी आईकडे बघते. पुण्याला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून भोरात मला शिष्ट म्हणत. तेही मी निमूट ऐकून घेतलं होतं. पण कडक?

"कुणी सांगितलं तुला?" आईनं विचारलं.

"कागदावर लिवून आलंय म्हनं. मड्डमनं."

मग उलगडा झाला. गावात मुलींची नवी शाळा निघाली होती आणि तिथं एक शिक्षिका हवी होती. मला ती जागा हवी होती, अगदी जिवापाड. नाही मिळाली, तर मामांकडे परत जाऊन त्यांच्या पाच मुलींच्या वेण्या घालणं नशिबी होतं. अर्जाला मी पुण्याच्या शाळेतल्या आमच्या सिस्टर पिलार यांचा इंग्रजी दाखला जोडला होता. शाळेच्या कमिटीतल्या कुणाला इंग्रजी येत नसल्यामुळे तो मराठी करायला दिला गेला तो (दुसऱ्या कुणाकडे जाणार?) आमच्या काकांकडे.

काका कचेरीत इंग्रजी कागदांचं मराठी करत. सव्वीस वर्षं करत होते, आणि ते कुणी तपासत नव्हतं. सिस्टरनी लिहिलं होतं, ही मुलगी लहान मुलींशी 'हार्डली' बोलते, तरी त्या तिचं ऐकतात. काकांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर मुलगी लहान मुलींशी कठोरपणे बोलते, तथापि त्या तिचे ऐकतात.' त्यातलं 'तथापि' मला अजून झोंबतं.

काकांशी मी थेट बोलत नसे. आमचा व्यवहार आईमार्फत चाले. आईनं विचारताच काका म्हणाले, "वहिनी, क्विक, क्विकली. स्लो, स्लोली. हार्ड, हार्डली. हार्ड म्हणजे कठोर. यात शंका घेण्यासारखं काय आहे?"

मी आईच्या कानात 'जेमतेम' म्हटलं.

"ती म्हणते, जेमतेम," आई म्हणाली.

"काय जेमतेम? तिचं इंग्रजी?"

घरात मोठा शब्दकोश होता. त्याच्या कपाटाची किल्ली काकांच्या जानव्याला होती. शब्दकोश मागणं म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणं, आणि तेवढी आईचीही छाती नव्हती. अखेर मी सिस्टरनाच पत्र टाकलं.

सिस्टर मूळच्या स्पेन देशच्या. एखादा इंग्रजी शब्द आमच्या डोक्यात शिरेना, की त्या तो स्वतःच्या भाषेत सांगत. (आम्हाला त्याचा काडीचा उपयोग नसे, पण त्यांना बरं वाटे.) चौथ्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. इंग्रजीत मजकूर एवढाच, 'हार्डली म्हणजे आपेनास. काकांना सांग.'

आपेनास! स्पॅनिश भाषेत जेमतेम, कसंबसं. मी हरखून कार्ड आईकडे दिलं, आईनं काकांकडे. काकांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. मग माझ्याकडे पाहून चक्क हसले.

"मड्डम मराठी शिकल्या की! 'आपणांस' लिहिलंय. एक अक्षर चुकलंय, पण परक्या बाईला एवढं येणं म्हणजे कमाल आहे."

आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"हार्डली, म्हणजे आपणांस. काकांना सांग. वहिनी, बाईंनी मला सावध केलंय. ही नुसत्या लहान मुलींनाच कठोर बोलत नाही. आपणांसही बोलते!"

काका कर्तव्याला चुकणारे नव्हते. कार्डाचं भाषांतर त्यांनी त्याच दिवशी कमिटीकडे पोचतं केलं. त्यात 'आपणांस' या शब्दाखाली रेघ होती.

मला बोलावणं आलं. समोर चार गृहस्थ आणि कडेला दुभाषे म्हणून काका. अध्यक्ष जन्मभर मराठीतच वकिली केलेले, वयोवृद्ध, कानांनी अधू. विंझरचे एक शेतकरी सभासद माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या पोरी आदीच शाळंला बिचकत्यात. ही बाई अंगावर वरडाय लागली तर याक बी येनार न्हाई."

मी खुलासा केला. तो मलाही ऐकू आला नाही. अध्यक्षांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा काका मदतीला धावले आणि माझ्या मराठीचं मराठी केलं, "ती म्हणते, आपणांस काही सांगायचं आहे."

"आपणांस म्हंजी आमाला?" विंझरकर खुर्चीसकट मागे सरकले. "बगा, झालं सुरू!"

इथं माझ्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. एकोणीस वर्षं न वापरलेला आवाज एकदम वर आला असावा. मी बोलले. खाली रस्त्यावरचा टांगा थांबला. अध्यक्षांनी कानामागचा हात काढला, आणि सकाळपासून आलेल्या तीन उमेदवारांपैकी आपल्याला ऐकू आलेली ही पहिलीच, असं म्हणून तिथल्या तिथे माझं नाव लिहून घेतलं.

दोन वर्षं झाली, मी त्या शाळेत शिकवते. मुलींशी हार्डली बोलते, तरी त्या माझं ऐकतात. काका मात्र आल्यागेल्याला सांगतात की त्यांचं भाषांतर शब्दशः खरं होतं, आणि मला त्यावर तोंड उघडायला जागा नाही. कारण त्या दिवशी, चार परक्या गृहस्थांसमोर आणि सख्ख्या काकांसमोर, मी जे ओरडले ते असं होतं:

"हार्डली म्हणजे जेमतेम! मी जेमतेम बोलते, जन्मात कुणाला कठोर शब्द बोललेली नाही, आणि आता मधे कुणी तोंड उघडलं तर याद राखा!"