देवाच्या जागेवरचा शॉकअप

ती गोष्ट आठवली की आजही माझे हात आपोआप जोडले जातात. मी देवभोळा माणूस नाही. पोलीस ठाण्याच्या आवारातल्या मंदिरात आरती सुरू झाली की मी मुद्दाम केसची फाईल उघडून बसायचो. तरीही जे पाहिलं ते पाहिलं.

दोन हजार दहानंतरचा काळ. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. मुर्री गावची एक बाई मुलाच्या मिसिंगची खबर द्यायला आली. शेतीवाडीचं पवारांचं घर, एकुलता एक पोरगा. 'नागझिऱ्याकडे चक्कर मारून येतो' म्हणून आदल्या सकाळी मोटारसायकल काढून गेला, तो परतलाच नव्हता. फोन बंद. गाडी चिनी बनावटीची, उंच, दगडधोंड्यांतून हिंडायची, पण खिशाला परवडणारी. तशी गाडी आमच्या हद्दीत दुसरी नव्हती. बाई रडत नव्हती. ठाणे अंमलदाराच्या समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "माझा पोरगा भेटल्याबिगर मी इथून उठत नाही जी."

वायरलेस दिला, वनखात्याला कळवलं, माणसं पाठवली. पण 'नागझिऱ्याकडे' म्हणजे नेमकं कुठं? त्या बाजूला जंगलातून जाणाऱ्या वाटा कमी आहेत का! पडून राहिला असेल तर पाण्यावाचून किती टिकणार, हाच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या एका भंगारवाल्याचा फोन आला. हा आमचा जुना खबऱ्या. "साहब, एक शॉकअप आया है. पिवळी स्प्रिंग आहे, चिनी अक्षरं आहेत. एकदम नया. हे भंगार नाही साहब, कुछ गडबड है." शॉकअप म्हणजे मागच्या चाकाचे झटके झेलणारा दांडा. मुलाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पाहताक्षणी ओळखला. या गाड्यांचे सुटे भाग इकडे मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्याच एका चिनी गाडीचा शॉकअप नागपूरहून मागवून, खालच्या कडीत बुश, म्हणजे लोखंडी नळकांडं, वेल्ड करून त्यानंच तो बसवला होता.

आमच्या हवालदारानं लगेच निकाल लावला. "साहेब, पोराले मारलं अन् गाडी खोलून विकून राहिले." मी शॉकअप हातात घेऊन पाहिला. वरची कडी शाबूत, पण खालची, वेल्डिंगपाशी, टराटरा फाटलेली. पाना लावून खोललेला माल असा नसतो. वरचा बोल्ट निसटला आणि खालची कडी चालत्या गाडीवर फाटली, म्हणजे गाडी कुठंतरी आपटली होती. कुठं, ते एकच माणूस सांगू शकत होता.

तो विकणारा तासाभरात सापडला. जंगलपट्ट्यातला गोंड, वनखात्याच्या कामावर रोजंदारीनं जाणारा. चौकशीला समोर बसवला. गोडीनं विचारलं, दरडावून विचारलं. एकच उत्तर, "मी कोणाले हात नाही लावलो जी."

"मग हा कुठून आणलास?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला.

"खुनात अडकशील, कळतं का? फाशी होईल!"

"होऊ द्या जी."

मी चाटच पडलो. खोटं बोलणारा माणूस आपल्या तोंडाकडे बघतो, थाप पचली का ते तपासत असतो. हा माझ्याकडे बघतच नव्हता. पंचांसमोर ओळख पटवायला म्हणून मी म्हटलं, "हाच विकलास ना? उचल." तर त्यानं आधी शॉकअपला हात जोडले, मग उचलला. अहो, भंगारात घातलेल्या मालाच्या कोणी पाया पडतं का? मला ते चमत्कारिक वाटलं. पण तोंड काही उघडेना.

तेवढ्यात ती आई दारात येऊन उभी राहिली. शिपाई अडवत होता, मी खुणेनं थांबवलं. ती त्याच्यासमोर खाली बसली. "भाऊ, तू काऊन गप आहेस? माझा पोरगा कुठंतरी पडून आहे. जिता असन तर माझी वाट पाहून राहिला असन."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "पोरगा जिता असन? मले वाटलं, खुनाचा धाक घालून साहेब देवाच्या चोरीचंच पुसून राहिले."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या गावाच्या वाटेवर साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली देवाची जागा आहे. येणारा-जाणारा तिथं फांदी नाहीतर दगड वाहतो. रानवाटेवर काही बेवारस सापडलं तर कोणी घरी नेत नाही, तिथंच आणून ठेवतो. ते देवाचं झालं. हा शॉकअप यानं त्या ढिगातून उचलला होता. "चमकून राहिला होता जी. म्हटलं, देवाले हे कायले लागते?" शहरात विकून मोकळा झाला आणि मग घाबरला. खुनाचा आळ त्याला चालत होता, कारण तो खोटा होता. देवाची चोरी खरी होती. गावाला कळली असती तर त्याच्या घरचं पाणीही कोणी प्यायलं नसतं.

मी म्हटलं, "आता गावासमोर सांगावं लागेल." तो आईकडे बघून म्हणाला, "चाला."

साजाच्या झाडाखाली त्यानं सगळ्यांसमोर कबुली दिली. शॉकअप तिथं कोणी ठेवला होता, एवढंच मी विचारलं. एक म्हातारी पुढं आली. तिला तो दूरच्या एका उताराच्या वाटेवर सापडला होता. काठी टेकत तीच पुढं चालली. तिनं जागा दाखवली, तिथं रस्त्यावर काही नव्हतं. थोडं पुढं मात्र झुडपं मोडलेली. खाली नाल्यात गाडी आडवी, आणि गाडीखाली पाय अडकलेला पोरगा. अंगाजवळून वाहणारं पाणी ओंजळीनं पिऊन राहिलेला. जिवंत!

सगळ्यात आधी नाल्यात उतरला तो आमचा 'चोर'. गाडी त्यानंच खांदा लावून उचलून धरली. मी वरती उभा होतो. खरं सांगतो, माझे हात आपोआप जोडले गेले.

गुन्हा कसला नोंदवणार? मिसिंग निकाली काढली, शॉकअप मालकाला परत दिला. पोरगा कुबड्यांवर चालायला लागला तेव्हा आई त्याला घेऊन त्या गावी गेली. मलाही बोलावलं होतं. तिनं शॉकअप दोन्ही हातांनी साजाखाली ठेवला. मग म्हातारी त्या माणसाकडे वळली. तो लांब, एकटाच उभा होता. "तिथं काऊन उभा आहेस? पाणी दे मले, तहान लागली." त्यानं आपल्या घरून लोटा आणला. सगळ्या गावादेखत ती घटाघटा प्यायली.

आरोपी पोलिसाला भितो, हे गृहीत धरून आम्ही खुर्चीवर बसतो. त्या दिवसापासून मी समोरच्याला आधी विचारू लागलो, "बाबा, तू कोणाला भितोस?" त्या वाटेनं गेलो तर अजूनही गाडी थांबवतो. शॉकअपची पिवळी स्प्रिंग आता गंजली आहे. मी खाली उतरतो, एक दगड शोधतो आणि त्याच्याजवळ ठेवतो.