कानवाल्यांचा कॉम्प्युटर

माझ्या मावशीचे यजमान एका मोठ्या इस्पितळात कानाच्या विभागात तंत्रज्ञ होते. डॉक्टरांचं तपासून झालं की माणूस त्यांच्या हाती येई. त्याच्या कानात मऊ लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत त्याला जांभई देऊ द्यायची नाही, मग तो अलगद ओढून काढायचा आणि त्या मापाच्या साच्यात ऐकू येण्याचं मशीन बसवायचं. तिथल्या पेशंटांनी त्यांना ‘कानवाले’ हे नाव दिलं आणि ते घरातही रुळलं. दारात कुणी आलं की मावशी सांगायची, “आमचे कानवाले आंघोळीला गेलेत. बसा.”

मावशीला स्वतःलाच ऐकू कमी येत होतं. ताई, म्हणजे तिची मुलगी, शाळेत होती तेव्हापासून ते सुरू झालं आणि दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं. नातेवाईक म्हणत, दिव्याखाली अंधार. त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं होतं, “नवरा कानवाला मिळाला. म्हटलं, फुकट का घालवा.”

काका निवृत्त झाले तेव्हा विभागात नवी यंत्रं आली होती. जुन्या मशीनांचा आवाज ज्या प्रोग्रामने लावायचा तो प्रोग्राम आणि त्याच्या जोडीचा एक करडा डबा अडगळीत निघणार होता. काकांनी तो रीतसर मागून घेतला आणि त्यासाठी घरी एक कॉम्प्युटर आणला. खिडकीजवळ टेबल, टेबलासमोर स्टूल. मशीन बनवणारी कंपनी पुढे बंद पडली, त्यामुळे ती जुनी मशीनं वापरणारे लोक काकांकडे येऊ लागले. स्टुलावर बसायचे, मशीन वायरीने डब्याला जोडलं जायचं आणि पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसायच्या. खालच्या आवाजाची पट्टी, मधल्या, वरच्या. काका एकेक पट्टी केसभर वर सरकवत आणि विचारत, “आता? आता भांड्यांचा आवाज टोचतो का?”

हळूहळू ती माणसं कमी झाली. काहींनी नवी मशीनं घेतली, बरीचशी वारली. शेवटी स्टुलावर बसायला एकटी मावशी उरली.

तिचा वार रविवार. सकाळचं आवरून ती ओल्या केसांनी येऊन बसे. पट्ट्या सरकवून झाल्या की काका तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहत, घडी घातलेलं वर्तमानपत्र तोंडासमोर धरत आणि शब्द म्हणत. डोंगर. कपाट. पाऊल. खिडकी. ऐकू आलेला शब्द मावशीने परत म्हणायचा. पाठीमागे उभं राहायचं आणि वर तोंडही झाकायचं ही इस्पितळातली शिस्त. बहिरी माणसं ओठ वाचतात, समोरच्या काचेत पाहूनही वाचतात. ओठ दिसले तर परीक्षा कानाची होत नाही, डोळ्यांची होते. काका हे घरीही पाळायचे. मावशी चिडवायची, “बायकोचा एवढा अविश्वास बरा नव्हे.”

त्याच कॉम्प्युटरवर दुपारी ताईचा व्हिडिओ कॉल येई. ताई लांब, परदेशात असते, वर्षा-दोन वर्षांनी येते. मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा जवळजवळ खऱ्याएवढा दिसायचा आणि मावशी त्या चेहऱ्यावरून तिचं बोलणं वाचायची. मोबाइलवर ते जमत नव्हतं. तिथे ताईचं तोंड नखाएवढं दिसे, आणि मावशीचे डोळेही आता थकले होते.

मग एक दिवस कॉलचा प्रोग्राम उघडायचा थांबला. पडद्यावर सूचना आली, ही सिस्टिम जुनी झाली आहे, नवी टाका.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने येऊन पाहिलं. मीही होते. मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा घरात समज आहे.

“नवी सिस्टिम चालेल,” तो म्हणाला. “जरा दमादमाने चालेल. पण जुनं सगळं पुसावं लागेल. दोन्ही ठेवायला जागा नाही यात.”

“आणि हा?” काकांनी डब्यावर हात ठेवला.

“हा नाही चालणार. नवी सिस्टिम याला ओळखच दाखवणार नाही.”

दुसरा कॉम्प्युटर घ्यायचं पेन्शनीत बसत नव्हतं, आणि ताईने पाठवते म्हटलं तर काका म्हणाले, लेकीकडून घेण्याइतकं काही अडलेलं नाही. म्हणजे निवड सरळ होती. जुनी सिस्टिम ठेवली तर मावशीसाठी ताईचा चेहरा गेला. नवी टाकली तर मशीन लावायची सोय गेली, आणि कान आणखी उतरला तर हातात काही नाही. इस्पितळातली नवी मशीनं मावशीने एकदा लावून पाहिली होती. डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतं म्हणून काढून ठेवली.

काकांनी काहीच ठरवलं नाही. ताई त्यांना मोबाइलवर फोन करायची.

“बाबा, मी आईशी महिनाभर बोललेली नाहीये.”

“मी सांगतो की तिला तुझं सगळं.”

“काय सांगता? मी अर्धा तास बोलते आणि तुम्ही तिला सांगता, बरी आहे, जेवली.”

“मग? जेवली नव्हतीस का?”

फोन ठेवल्यावर मावशी विचारायची, “काय म्हणाली?”

“बरी आहे,” काका म्हणायचे.

मावशी थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायची, पुढे काही येतंय का म्हणून. मग उठून कामाला लागायची. त्या दिवसांत ती कपडे घडी घालताना, भाजी चिरताना तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत असे. एकदा मी नीट ऐकलं. ती ताईला काहीतरी सांगत होती, स्वयंपाकघराचा नळ बदलला त्याबद्दल.

एका रविवारी मी लवकर गेले. मावशी स्टुलावर बसली होती, वायर जोडलेली होती. काकांनी बटणं दाबली आणि शब्द म्हणायला सुरुवात केली. ते तिच्या समोर पलंगाच्या कडेवर बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. वर्तमानपत्र टेबलावर पडलं होतं. ते प्रत्येक शब्द तोंड भरून म्हणत होते आणि मावशी एकही न चुकता परत म्हणत होती.

“बघ,” काका तिला म्हणाले. “आहे अजून.”

“आहे,” मावशी म्हणाली.

ती आत गेल्यावर मी पडद्याकडे पाहिलं. सगळ्या पट्ट्या चौकटीच्या वरच्या कडेला टेकल्या होत्या. मी एक बटण दाबून पाहिलं. काही हललं नाही.

“काका, या पट्ट्या तर—”

“हळू बोल,” काका म्हणाले, आणि लगेच ओशाळले. हळू बोलायची काही गरज नव्हती. आतून मावशीने भांडं आपटल्याचा आवाज आला. आपलं भांडं किती मोठ्याने आपटतं हे तिला कळत नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“वर्ष होऊन गेलं. आता आवाज कितीही चढवला तरी उपयोग नाही. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. नसच थकलीय तिची. नव्या मशीननेही ते होणार नाही.”

“मग सिस्टिम बदलायला काय हरकत आहे? तसंही—”

“सिस्टिम बदलली की तिला कळेल.” त्यांनी वायर काढून बोटांभोवती गुंडाळली, परत सोडली. “रविवारी मी स्टूल ओढतो. तिला वाटतं, काहीतरी चाललंय. ते बंद करायचं म्हणजे तिला सांगायचंच झालं की नाही गं, संपलं. इस्पितळात हजार लोकांना सांगितलं असेल मी. समोर बसवायचं, पाणी द्यायचं, सांगायचं. पुढचा पेशंट आत बोलवायचा.”

बोलण्यासारखं होतं ते काका स्वतःच बोलत होते.

“ताईचं काय, ती येईल कधीतरी,” ते म्हणाले. “आली की समोरच बोलतील दोघी.”

ताई त्या वर्षी येणार नव्हती. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

निर्णय शेवटी मावशीने घेतला. मी निघताना ती जिन्यापर्यंत आली. “पुढच्या रविवारी ते पेनमध्ये भरून आण. नवीन सिस्टिम.”

“काका हो म्हणाले?”

“त्यांना मी सांगते. मला मुलीला बघायचंय.” मग जरा थांबून म्हणाली, “मी आता तिच्याशी मनातल्या मनात बोलायला लागलेय. आणि मनातली ती फार शहाण्यासारखं बोलते. तशी नाहीये ती.”

रविवारी मी गेले तेव्हा काका दाढी करून, इस्पितळात घालत तसा पांढरा शर्ट घालून बसले होते. मावशी म्हणाली, “टाकायच्या आधी एकदा शेवटचं लावून द्या.”

काकांनी स्टूल ओढलं. मशीन डब्याला जोडलं, पट्ट्या पडद्यावर आल्या, त्यांनी बटणं दाबली. मला पाहवेना म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागले. समोरच्या इमारतीत एक माणूस शिडीवर चढून कठडा रंगवत होता. काका येऊन पलंगाच्या कडेवर बसले.

मावशी उठली. तिने स्टूल उलटं फिरवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.

“असंच करायचे ना आधी?” ती भिंतीकडे पाहत म्हणाली. “तसंच करा.”

काका उठले, टेबलावरचं वर्तमानपत्र घेतलं, घडी घातली, तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

“डोंगर,” ते म्हणाले.

मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती.

“खिडकी.” थोडं थांबून, “पाऊल.” मग पुन्हा, अधिक मोठ्याने, “पाऊल.”

तिला ते शब्द पाठ होते. क्रम बदलला तरी अंदाजाने दोन-चार लागले असते. तिने अंदाज केला नाही. शिडीवरच्या माणसाने वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने काका शेवटचा शब्द म्हणाले.

मग त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि नेहमीच्या आवाजात, आपण एखाद्याशी चालता चालता बोलतो तसे, म्हणाले, “संपलं गं ते. मागच्या वर्षीच संपलं. मी नुसती बटणं दाबत होतो. तुला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.”

मावशी तशीच बसून होती. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे पाहिलं. “थांबले का बोलायचे?”

मी मान हलवली. ती वळली.

“शेवटी काय म्हणालात? शब्द नव्हता तो. मानेवर श्वास लागत होता केवढा वेळ. एका शब्दाला एवढा श्वास लागत नाही.”

काका तिच्यासमोर येऊन बसले आणि तेच पुन्हा म्हणाले. ओठ नीट उघडून, थांबत थांबत, एक वाक्यही न गाळता.

“माहितीये मला,” मावशी म्हणाली.

“कधीपासून?”

“तुम्ही समोर येऊन बसायला लागलात तेव्हापासून. जन्मभर पाठीमागे उभे राहिलात आणि एकाएकी समोर? बहिरी आहे मी. खुळी नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही एवढं मन लावून बटणं दाबत होतात.”

काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला.

मी पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. पडद्यावर प्रश्न आला, जुनं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का. मी काकांकडे पाहिलं. काकांनी मावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, “मला वाचता येतं,” आणि माउस हातात घेऊन तिने होकारावर दाबलं. पट्ट्या गेल्या. काळ्या पडद्यावर एक ठिपक्यांचं कडं फिरू लागलं.

काकांनी डब्याची वायर काढली. मावशीने कानातलं मशीन तळहातावर घेतलं. “हे आता ठेवून देऊ का? उगाच कान दुखतो.”

“नको,” काका म्हणाले. “घालत जा. ते दिसलं की लोक तोंड समोर करून बोलतात.”

“म्हणजे पाटी.”

“पाटीच.”

तिने ते परत कानात घातलं आणि केस मागे घेतले, दिसावं म्हणून.

सिस्टिम यायला दुपार झाली. कॉल लावला तेव्हा ताईच्या खोलीत दिवा लागलेला होता. पडद्यावर आईला पाहून ती भराभरा बोलायला लागली, मध्येच तिला रडू आलं आणि तिने तोंडावर हात धरला.

“हात काढ,” मावशी म्हणाली. “हात काढ गं तोंडावरचा. मला काही दिसत नाहीये.”

काका कधीच स्वयंपाकघरात गेले होते. तिथून त्यांनी विचारलं, “चहा टाकू का गं?” कुणी उत्तर दिलं नाही. मी मावशीला सांगायला पुढे झाले, तेवढ्यात ते स्वतःच बाहेर आले. हातात पातेलं होतं. ते टेबलाच्या कडेला, तिला दिसेल अशा जागी येऊन उभे राहिले आणि ताईचं बोलून होईपर्यंत थांबले. ताई बराच वेळ बोलत होती. मग मावशीची नजर त्यांच्याकडे गेली, आणि त्यांनी पुन्हा विचारलं.

“अर्धाच,” मावशी म्हणाली, आणि परत पडद्याकडे वळली.