जाऊबाईंच्या आवाजाचे चार दिवस

नागपूरच्या डॉक्टरांनी सोमवारी भरती व्हायला सांगितलं, तो बुधवार होता. घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढायची होती. म्हणजे जीव वाचेल, पण मोठ्या जाऊबाईंचा (मी त्यांना ताई म्हणते) आवाज कायमचा जाईल. परतताना गाडीत त्या एवढंच बोलल्या, "माहं जाऊ दे. पन ह्याइचं कसं?"

'ह्याइचं' म्हणजे भासऱ्यांचं, माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. काचबिंदूनं त्यांची नजर जाऊन सात वर्षं झाली होती. बिरसीकडे धानाचं शेत, घरात दोघंच. ओसरीवर, विहिरीवर, बांधावर ते फिरायचे ते बायकोच्या आवाजाच्या भरवशावर.

२०१० चा मे महिना होता. मी तेव्हा गोंदियाजवळ कुडव्याला, घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत, कॉम्प्युटर क्लास चालवत होते. रडून काही होणार नव्हतं. रोजची वाक्यं ताईंच्या आवाजात रेकॉर्ड करायची, मोबाइलच्या कार्डात भरायची आणि पुढे त्यांनी बटण दाबून ती वाजवायची, असं मी ठरवलं. आधी सरळ मोबाइलवरच रेकॉर्ड करून पाहिलं. आवाज अगोदरच बसलेला, त्यामुळे नुसती खरखर आली. क्लासमध्ये इंग्रजी संभाषणाच्या कोर्ससाठी घेतलेला यूएसबी माईक होता. त्यावर शब्द स्वच्छ येत होते. मग दोघांना आमच्याकडेच आणलं आणि मी सत्तर वाक्यांची यादी लिहून काढली. 'जेवायला या.' 'औषध घेतलं का?' 'मी शेजारी जाऊन येते.'

अडचण अशी होती की ताईंना चार वाक्यं बोलली की खोकल्याची उबळ यायची, आणि मग दहा मिनिटं आवाज फुटायचा नाही. दिवसाला अर्धा तास, त्यापेक्षा जास्त बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे जे काही करायचं ते मोजक्या आवाजात.

गुरुवारी दुपारी बसलो. सकाळी भारनियमन, संध्याकाळी लग्नांचे डीजे, म्हणून दुपारच. कूलर ट्रकसारखा आवाज करायचा. वाक्य घेताना तो बंद करायचा, खोकला आला की सुरू करायचा. तिसरं वाक्य झालं आणि संगणक हँग झाला. माऊस मेला, कीबोर्ड मेला, कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडेही थांबले. बटण दाबून बंद केला, पुन्हा सुरू केला. तिन्ही वाक्यं गेली होती.

"पुन्हा म्हना लागन?" ताईंनी विचारलं.

"हो."

त्यानंतर मी प्रत्येक वाक्य वेगळं सेव्ह करू लागले. तरी दर दोन-तीन वाक्यांनी तेच. वाक्य अर्ध्यात असताना, कधी सेव्ह होताना. दिवसअखेर सत्तरातली अकरा हाती लागली, आणि ताईंचा आवाज सकाळच्या निम्मा झाला होता.

गोंदियातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"मॅडम, फॉरमॅट मार दो. सब ठीक हो जाएगा."

"और नहीं हुआ तो?"

"तो एक बार और मार दो."

शुक्रवारची सकाळ वीज येण्याची वाट पाहण्यात गेली. झालेली अकरा वाक्यं पेन ड्राइव्हवर काढून ठेवली आणि दुपार फॉरमॅटमध्ये गेली. सगळं नव्यानं भरलं. ताईंना मुद्दाम बोलावलं नाही, तपासणीसाठी त्यांचा आवाज वापरणं परवडणारं नव्हतं. मीच माईकसमोर बसून टायपिंगच्या पुस्तकातले उतारे वाचले. एक तास वाचले. संगणक एकदाही हँग झाला नाही. मी ताईंना हाक मारली. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, पहिलं वाक्य बोलल्या, खोकल्या, दुसरं बोलल्या. हँग.

मला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

संगणक आपल्या घडामोडी एका यादीत लिहून ठेवतो. ती उघडली. दर वेळी अडकण्याआधी एकच नोंद: यूएसबी कंट्रोलरच्या ड्रायव्हरनं कंट्रोलर रीसेट केला. म्हणजे माईकशी बोलणं तुटलं की ड्रायव्हर, ही जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, सगळाच कारभार बंद करून नव्यानं मांडायला जात होता, आणि त्यातून परतच येत नव्हता. माऊस, कीबोर्ड त्याच वाटेवर, म्हणून तेही मरत होते. काय होतंय ते कळलं, कशामुळे ते नाही. नवा ड्रायव्हर शोधला. त्या जुन्या मशीनसाठी तो निघालाच नव्हता.

शनिवारी मी दुसरा संगणक घेतला. तिसरा घेतला. माईकची वायर बदलली, मागच्या खाचेत लावला, पुढच्या खाचेत लावला. माझ्यासमोर चालायचा, ताई बसल्या की अडकायचा. क्लासची सगळी मशीनं एकाच वेळी घेतलेली, एकाच जातीची.

"मशीनले माहा आवाज नाई आवडत," ताई कुजबुजल्या. "तू बोलली त चुपचाप आयकते. मास्तरीनच्या धाकात आहे."

"तुम्ही बोलू नका, ताई."

"मंग कायले बसवलं वो मले इथं?"

मी हसले नाही. आता आवाज असा उरला होता की उद्या दहा वाक्यं झाली तरी नशीब. यादीत पन्नासहून जास्त बाकी. त्यातली दहा कोणती, हे मला ठरवता येईना. ते सांगू शकणारा माणूस खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर तीन दिवस बसून होता, आणि त्याला विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आमच्याकडे लहान भावाची बायको भासऱ्यांशी थेट बोलत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण 'चहा हवा का' हेसुद्धा मी ताईंमार्फत विचारायची आणि तेही ताईंमार्फतच उत्तर द्यायचे. त्यांची नजर गेल्यावरही मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेत होते. पण आता निरोप पोचवायला ताईंचा आवाज खर्च करायचा, तर एक प्रश्न म्हणजे एक वाक्य कमी.

मी सरळ त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "भासरेजी, तुम्हाला कोणती वाक्यं लागतील?"

ताईंनी डोळे मोठे केले. भासऱ्यांनी आधी ताई होत्या त्या बाजूला मान वळवली, मग माझ्याकडे.

"जेवाले या, हे कायले पाहिजे?" ते हळू म्हणाले. "ताट ठेवलं का मले आयकू येते. औषधाचंबी मले समजते. मले पाहिजे थांबा. डावीकडं, उजवीकडं. खाली पाय सांभारा. घरी कोन आलं ते. अन थे कुठं बसली आहे ते." मग म्हणाले, "अन एक सांगू का बाई, राग नका मानू. थो खटका कायचा आहे?"

"कोणता खटका?"

"खटका वाजते, कूलर बंद होते, अन मंग तुमचं 'अरे देवा' आयकू येते. दर येळी तसंच. गुरवारीच हिले सांगतलो."

मी ताईंकडे पाहिलं.

"म्या म्हनलं, आवाज कायले खर्चू," ताई कुजबुजल्या. "मले वाटलं त्याइचं असंच काईतरी."

मी उठले. माईक लावून रेकॉर्डिंग सुरू केलं, कोणी काही न बोलता, आणि कूलरचं बटण बंद केलं. चालला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. हँग. सात वेळा केलं, पाच वेळा अडकला. एकटीनं तपासताना आवाजाची फिकीर नव्हती, म्हणून मी कूलर सुरूच ठेवला होता. कूलर आणि संगणक एकाच बोर्डावर. बटणाची ठिणगी, तिचा झटका वायरींतून माईकपर्यंत, आणि मग ड्रायव्हरचा तो रीसेट. मागे जाऊन पाहिलं तर अर्थिंगचा खड्डा उन्हानं भेगाळलेला. मीठ टाकून तीन बादल्या पाणी ओतलं. पुन्हा सात वेळा करून पाहिलं, दोनदा अडकला. दोनदाही मला परवडणार नव्हतं. कूलरची पिन काढून टाकली.

मला आनंद वगैरे झाला नाही. तीन दिवस आणि ताईंचा बहुतेक आवाज वाया गेला होता, तेवढंच डोक्यात होतं.

रविवारी दुपारी खिडक्यांना ओल्या चादरी लावून बसलो. पत्रा तापलेला, ताईंच्या कानामागून घाम ओघळत होता. आता प्रश्न 'थांबा'चा होता. तो हळू म्हणून चालणार नव्हता, ओरडून म्हणायला हवा. आधी ओरडल्या तर पुढचं काही उरणार नाही. शेवटी ठेवला तर ओरडायलाच काही उरणार नाही.

"शेवटी ठेवू," मी म्हटलं.

ताईंनी नकारार्थी मान हलवली आणि एक बोट वर केलं, म्हणजे आधी.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यांनी छाती भरून घेतली आणि ओरडल्या, "थांबा!" मी माईक दूर ओढायच्या आत उबळ आली. ती बराच वेळ थांबली नाही. भासरे खुर्चीचा हात धरून बसले होते. संगणक चालू होता. मी सेव्ह केलं, ऐकून पाहिलं, दुसऱ्या ठिकाणी कॉपी केली.

त्यानंतर तासाभरात 'डावीकडं', 'उजवीकडं', 'खाली पाय सांभारा' आणि 'मी इथंच आहो' एवढं झालं. 'घरी कोण आलं'ची वाक्यं सुरू केली तेव्हा ओठ हलत होते, पडद्यावरची रेघ सरळच राहिली. मी माईक काढून ठेवला.

सगळं मोबाइलच्या कार्डात घातलं. चालतं की नाही ते पाहिल्याशिवाय मी कुठलंच काम संपवत नाही. संध्याकाळी भासरे हातपाय धुवायला बाहेर निघाले. आमच्या ओसरीची पायरी त्यांच्या पायाला सरावाची नव्हती. मी ताईंना खूण केली. त्यांनी मोबाइल पुढे धरून बटण दाबलं.

"थांबा!"

भासरे जागच्या जागी थांबले. एक पाय पायरीवर, दुसरा अर्धा उचललेला.

"काऊन?" का थांबायचं म्हणून त्यांनी विचारलं. "का झालं?"

ताईंनी मोबाइलकडे पाहिलं. एक बटण दाबलं, "उजवीकडं." मग दुसरं, "मी इथंच आहो." भासरे तसेच उभे.

"अवं, पन काऊन?"

ताईंनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि त्यांचं कोपर धरायला गेल्या.