कमरेची दोरी

"सिस्टर, हा स्क्रब टायफस आहे," डॉक्टर म्हणाले आणि मी चक्क हसले. आठ दिवसांच्या तापाला अखेर नाव मिळालं होतं! झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा हा ताप. वेळेत औषध मिळालं तर बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो.

मी नन, मूळची वसईची. सिस्टर फिलोमिना आणि मी तमिळनाडूतल्या एका डोंगरावर दोन खोल्यांचं कॉन्व्हेंट उभं केलं, अकरा मुलांची शाळा सुरू केली. पण गावाचा आमच्यावर भरवसा नव्हता. गावात आधी आलेले दोन मास्तर ताप आला म्हणून डोंगराखाली गेले ते परतलेच नव्हते. मला जीपमध्ये घालून तंजावरच्या इस्पितळात आणलं, तेव्हा निघताना एका मुलाची आई म्हणाली, "हीही गेली." तापापेक्षा मला तेच जास्त लागलं.

डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. "काही चावलं का?" डॉक्टर रोज विचारत. मी रोज नाही म्हणे.

इस्पितळातल्या पाचव्या दिवशी नर्स अंग पुसत होती. मी कण्हत मराठीत पुटपुटले, "जपून, दोरी काचलीय." ती थबकली. या नर्स मालतीअक्का तंजावरच्याच, मराठा राज्यापासून तिथं राहिलेल्या घराण्यातल्या, घरी मराठी बोलणाऱ्या.

"अय्यो, तुम्ही मराठी की! कोठें काचली? दाखवा."

आमच्या झग्याला कमरेला दोरी असते. तिच्याखाली काळी खपली होती. मला वाटलं, दोरीचाच घट्टा. ते दुखणं देवाला वाहून मी गप्प बसले होते! वेडेपणा नुसता.

"ही एस्कार. किडा चावल्याची खूण," डॉक्टर म्हणाले. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला. मी मालतीअक्कांना मिठीच मारली. म्हणून सांगते, डोंगरातून आल्यावर ताप आला तर सगळं अंग तपासून घ्या. डॉक्टरांपुढे कसली आलीय लाज!

पंधरा दिवसांनी मी पुन्हा वर गेले. पहिल्याच तासाला फळ्यावर खपलीचं चित्र काढलं. छोटी वळ्ळी उभी राहिली. "सिस्टर, आजीच्या पाठीवर हे आहे. ती चार दिवस तापानं झोपून आहे."

आजीला लगेच खाली नेलं.

नवव्या दिवशी आजी परतली. घरी न जाता सरळ शाळेत आली, मागे आजवर शाळेत न आलेली शेजारची सात मुलं. पहिल्या ओळीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "आधी माझं नाव कसं लिहितात ते दाखव."